पस्तीस अंशांचा गुडघा

"पस्तीस," कवायतवाली म्हणाली.

मिस्त्रींची बायको भिंतीला टेकून उभी होती. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात मिस्त्रींची काठी. तिला वाटलं, गेल्या खेपेपेक्षा पस्तीस वाढले. वा! ती हसलीसुद्धा. पण समोरची मुलगी हसत नव्हती. दोन पट्ट्यांचं ते प्लॅस्टिकचं कोनमापक तिनं पुन्हा मिस्त्रींच्या गुडघ्याला लावलं, एक पट्टी मांडीच्या रेषेत, दुसरी नडगीच्या, आणि म्हणाली, "अजून वाकवा काका. लावा जोर."

मिस्त्रींनी ओठ आवळले. पाय नुसता थरथरला. पट्टी जागची हलली नाही.

"पस्तीसच. घरी सोडलं तेव्हा बहात्तर होता. आज सहा आठवडे झाले, नव्वदच्या पुढे हवा होता. हा तर मागं गेलाय!"

आता ही मुलगी हॉस्पिटलात रोग्यांकडून व्यायाम करून घेणारी. शिकून आलेली, हुशार. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी तिचं नाव कवायतवाली ठेवलं होतं आणि तिला ते कळल्यावर ती खळखळून हसली होती. आज तिचा चेहरा पडला होता. मिस्त्रींच्या बायकोला वाटलं, मापातच काहीतरी घोटाळा असणार. मिस्त्रींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं ते."

जन्मभर कोन मोजण्यात गेलेला माणूस. जिने करणारा सुतार! लाकडी जिना म्हणजे मिस्त्री, अशी गावभर ख्याती. पायरीची उंची दोन सूत चुकली तर पूर्ण जिना उकलून पुन्हा बसवणार. त्यांच्या जिन्याची पायरी वीस वर्षांनीसुद्धा कुरकुरत नाही, त्यामुळे घरात कुणी चोरून येऊ-जाऊ शकतं अशी तक्रार एका गिऱ्हाइकानं केली होती. अशा माणसानं कोनमापक हातात घेतलं, स्वतःच्या गुडघ्याला लावलं, एक डोळा मिटून वाचलं.

"चौतीस," ते म्हणाले. "ही एक जास्तच सांगतेय."

आणि मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. माणसाशी भांडता येतं हो, मापाशी कोण भांडणार?

हाडांचे डॉक्टर आले. फाइल बघितली, गुडघा दोन्ही हातांत धरून हलवून बघितला आणि मिस्त्रींना विचारायचं सोडून बाईंना विचारलं, "घरी व्यायाम करतात का हे?"

"करतात म्हणजे काय!" ती म्हणाली. "सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. एक दिवस चुकवला नाही. मी ऐकते ना रोज."

"ऐकता? बघत नाही?"

ती हातातल्या काठीकडं बघायला लागली.

कारण खरंच, बघितलं नव्हतं. तिचं शिवणयंत्र पुढच्या खोलीत. खुर्च्यांच्या गाद्या, सोफ्याचे अभ्रे, सगळं ती शिवते. मिस्त्रींची खाट मागच्या खोलीत. "तू समोर असलीस की मला कण्हतासुद्धा येत नाही," असं म्हणून मिस्त्री दार लोटून घ्यायचे. मग आतून मोजणी सुरू. एक, दोन, तीन, चार. विसाला थांबायचे, दम खायचे, पुन्हा एकपासून. ती यंत्राचं पायटं थांबवून ऐकायची आणि म्हणायची, माणूस हट्टी खरा, पण मनावर घेतलं की घेतलं. एकदा तर तिला इतकं भरून आलं की ती दुधात हळद घालून दाराशी घेऊन गेली होती. आतून आवाज आला, "ठेव तिथंच, चौदा झालेत."

"अहो," ती आता म्हणाली, "तुम्ही करत होता ना?"

मिस्त्रींनी कोनमापक मिटवलं, पुन्हा उघडलं.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय!"

मिस्त्रींनी मान वर केली, आणि कमाल बघा, त्या तोंडावर अपराधीपणा नव्हता. धडा समजावून सांगणाऱ्या मास्तरासारखं त्यांनी सुरू केलं. "डॉक्टरसाहेब, तुम्ही मला ऑपरेशनच्या आधी काय सांगितलंत? हाडाची टोकं तासणार, त्यावर धातूच्या टोप्या बसवणार, मधे प्लॅस्टिकची गादी, आणि टोप्या हाडाला चिकटवायला लुकण. बरोबर? मग मला सांगा, चिकटवलेला सांधा दुसऱ्या दिवशी हलवतात का कुठं? मी लाकडात सरस लावला, शिकंजा आवळला, की चोवीस तास त्याला कुणाला हात लावू देत नाही. आणि हे तर जिवंत हाड! मी म्हटलं, ह्या पोरीला घाई आहे. आपण नीट दीड महिना राखू. नंतर वाकवू की सावकाश."

कवायतवालीनं हातातला कागद खाली ठेवला. डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांनी आयुष्यात आळशी रोगी पाहिले होते, भित्रे पाहिले होते. पण इतक्या मेहनतीनं, इतक्या शिस्तीनं स्वतःचा गुडघा वाया घालवणारा त्यांनी पाहिला नसावा.

"मिस्त्री," डॉक्टर म्हणाले, "ते लुकण पाव तासात दगड होतं. तुम्ही टेबलावर होतात तेव्हाच सुकलं. तुम्ही त्याच संध्याकाळी गुडघा वाकवला असता तरी त्या टोप्या निघाल्या नसत्या."

"पाव तासात?"

"पाव तासात. धातूला काही होत नाही हो. आखडतं ते भोवतालचं मांस. ऑपरेशनची जखम भरताना आत जाळी धरते, आणि ती रोज ताणली नाही तर सांध्याला घट्ट बांधून टाकते. तुम्ही राखलं म्हणताय ना? तुम्ही बांधून ठेवलंत."

मिस्त्रींनी आपल्या गुडघ्याकडं बघितलं. मग अगदी बारीक आवाजात शेवटचा पुरावा काढला. "पण आमच्या पॉलिशवाल्याला तर तुम्हीच सांगितलं होतं, वाकायचं नाही म्हणून."

हा पॉलिशवाला म्हणजे मिस्त्रींचा तीस वर्षांचा जोडीदार. मिस्त्रींनी जिना करायचा, ह्यानं तो चमकवायचा. बाई त्याला भावजी म्हणते. आठ महिन्यांपूर्वी त्याचा खुबा बदलला होता आणि तेव्हापासून तो स्वतःला अर्धा डॉक्टर समजतो. मिस्त्री घरी आले त्या दिवशी तो खाटेपाशी उंच खुर्चीवर बसून अख्खं कीर्तन करून गेला होता. नव्वदच्या वर वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली बसायचं नाही. सांधा निखळला तर पुन्हा कापावं लागतं! बाईनंही ते ऐकलं होतं. भावजी काळजीनं बोलतायत, असं वाटून तिनं त्याला दुसरा कप चहा दिला होता.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, त्याचा खुबा! खुबा म्हणजे वाटीत बसवलेला गोळा. सुरुवातीला फार वाकवला, आत वळवला, तर वाटीतून बाहेर पडू शकतो, म्हणून बंधनं. गुडघ्याला वाटी कुठं आहे? तो वाकताना थोडा घरंगळतो, थोडा सरकतो, आणि त्याला वाकवतच ठेवावं लागतं. त्याची पथ्यं तुम्ही पाळलीत? म्हणजे शेजाऱ्याला ताप आला आणि औषध तुम्ही प्यायलात!"

मग त्यांनी सरळ हिशेब मांडला. नुसतं नीट चालायचं तर सत्तरेक अंश वाकायला हवा. जिना चढायला पंच्याऐंशीच्या आसपास. उतरायला नव्वद आणि वर. पस्तीस अंशात माणूस जिना चढत नाही, एक पाय ओढत वर जातो. आणि हे असंच राहिलं तर आणखी काही आठवड्यांत ती जाळी कायमची मुरेल, मग पुन्हा कापाकापी. आत्ता एकच उपाय होता. परवा पुन्हा भूल द्यायची, आणि मिस्त्री शुद्धीवर नसताना डॉक्टरांनी हातानं तो गुडघा जोर लावून वाकवायचा.

"आणि नंतर?" बाईनं विचारलं.

"नंतर सगळं तुमच्यावर. त्या दिवसापासून रोज वाकवला तर राहील. नाहीतर पुन्हा धरेल, आणि मग ह्यांनी जिन्याचं काम विसरायचं."

जिन्याचं काम विसरायचं! मिस्त्रींना दुसरं येत काय होतं? पत्ते येत नाहीत, गप्पा येत नाहीत, लेकीकडं राहायला गेले तर तिसऱ्या दिवशी तिच्या स्वयंपाकघराची दारं उतरवून पुन्हा बसवतात. काम गेलं तर हा माणूस खाटेवर पडून भिंतीच्या रेषा मोजत वेडा होईल, हे बाईला लख्ख दिसलं.

घरी आल्यावर ती तडक मागच्या खोलीत गेली आणि खाटेखाली वाकली. तिथं काय असेल याची तिला कल्पना नव्हती, पण काहीतरी असणार एवढं कळलं होतं. जुन्या चादरीत गुंडाळलेल्या दोन फळ्या निघाल्या. छान रंधा मारलेल्या, कडा गोल केलेल्या, आतल्या बाजूला मऊ कापड लावलेलं. तिच्याच यंत्रापासून नेलेला अभ्र्याचा तुकडा होता तो. आणि फळ्या आवळायला दोन छोटे शिकंजे.

ती फरशीवर बसलीच. म्हणजे ती बाहेर पायटं थांबवून मोजणी ऐकत होती, तेव्हा आत हा माणूस पाय फळ्यांत आवळून, छताकडं बघत, नुसते आकडे म्हणत होता. पाळण्यातल्या पोराला अंगाई म्हणावी तसे! चाळीस वर्षांत ह्यांनी तिच्याशी खोटं बोललेलं तिला आठवत नव्हतं. भाजी अळणी झाली तर अळणी म्हणणारा माणूस. तिला राग आला, रडू आलं, आणि त्या फळ्या किती सुबक केल्यात हेही दिसलं, त्यानं तर डोकंच फिरलं.

"दीड महिना मला मूर्ख बनवलंत!"

"तू मला करू दिलं नसतंस," मिस्त्री दारातून म्हणाले.

"नसतंच दिलं! करू द्यायचं होतं का? अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तुमचा तर पायच रिकामा झाला!"

तेवढ्यात पॉलिशवाला आला. खबर काढायला म्हणून, हातात केळी घेऊन. त्याला दारातच धरला तिनं. "या भावजी, या! अर्धे डॉक्टर या! तुमच्या खुब्याचं पथ्य ह्यांच्या गुडघ्याला लावलंत आणि बसवून ठेवलंत ना माझ्या माणसाला?" त्याला आधी काही कळेना. कळलं तेव्हा तो केळी घेऊन तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वहिनी, मला वाटलं सांधा म्हणजे सांधा," तो म्हणाला. "खुबा काय नि गुडघा काय."

"तेच तर ह्यांनाही वाटलं! लाकूड काय नि हाड काय!"

तो परत गेला तेव्हा त्याची केळी उंबऱ्यावरच राहिली होती.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींना आत नेलं. बाई बाहेरच्या बाकावर बसली. पॉलिशवाला आला होता, पण तिच्याजवळ बसायची हिंमत नव्हती, म्हणून पार त्या टोकाला पाण्याच्या पिंपाशी उभा. कापाकापी नाही, टाके नाहीत, फारसा वेळ लागणार नाही, असं सांगितलं होतं, आणि खरंच अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले. कपाळावर घाम.

"एकशे पाचपर्यंत नेला," ते म्हणाले.

"आवाज आला का हो?" पॉलिशवाल्यानं लांबूनच विचारलं. काय विचारावं माणसानं!

"आला," डॉक्टर म्हणाले. "जाळी तुटताना येतो. ओलं कापड फाटल्यासारखा."

बाईनं डोळे मिटून घेतले. गाद्या शिवते ती, ओलं कापड फाटल्याचा आवाज तिला माहीत होता.

खरी परीक्षा त्याच दुपारी सुरू झाली. गुडघा सुजून टम्म. कवायतवालीनं मिस्त्रींना खाटेच्या कडेला बसवलं, पाय खाली सोडायला लावला आणि बाईला दाखवलं, नडगीवर हात कसा ठेवायचा, मागं कसं सावकाश ढकलायचं, कुठं थांबायचं. "रोज पाच-सहा वेळा. दुखणारच. गोळी घेऊन अर्ध्या तासानं करायचं. ते ओरडतील, तरी लगेच सोडायचं नाही, दहा आकडे धरून ठेवायचं. आणि काकू, आकडे ह्या वेळी तुम्ही म्हणा."

ती बोलली आणि बाईच्या हाती कोनमापक देऊन दुसऱ्या रोग्याकडं गेली.

बाईनं ढकललं. मिस्त्री असे ओरडले की तिचे हात आपोआप सुटले. दुसऱ्यांदा ढकललं, पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा तिनं नुसते हात ठेवले आणि तिलाच हुंदका फुटला. जन्मभर ज्या अंगाला जपलं त्याला असं कसं छळायचं? कोन लावून बघितला. एकसष्ट. सकाळी एकशे पाच होता आणि दुपारी एकसष्ट! तिला वाटलं, ती जाळी आत्ताच, आपल्या डोळ्यांदेखत, पुन्हा विणली जातेय.

तिनं वळून बघितलं. पॉलिशवाला दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

"भावजी," ती म्हणाली, "इकडं या."

"वहिनी, मला नाही जमणार."

"वाकवू नका, हे सांगायला जमलं होतं ना? आता वाकवा."

तो आला. स्वतःचा खुबा सांभाळत उंच स्टुलावर बसला, मिस्त्रींच्या नडगीवर त्यानं ते पॉलिशनं काळपट झालेले जाडजूड हात ठेवले. आणि त्या क्षणी मिस्त्रींनी त्याचं मनगट घट्ट धरलं.

"थांब," ते म्हणाले. "थांब जरा. मला काही सांगायचंय."

बाईला वाटलं, आता पुन्हा सरस आणि शिकंजा काढणार. तिनं कंबर कसली. पण मिस्त्रींचा आवाज वेगळाच होता.

"सरसाचं मला खरंच वाटलं होतं," ते तिच्याकडं बघत म्हणाले. "पण नुसतं तेवढंच नव्हतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ह्या पोरीनं पहिल्यांदा वाकवला ना, तेव्हा मला वाटलं मी मरतो. तू चहा आणायला गेली होतीस. मी तिचे पाय धरायचे बाकी ठेवले. घरी आलो, हा खुब्याचं सांगत बसला, आणि मला काय वाटलं सांगू? हायसं वाटलं. म्हटलं, चला, न करायला कारण सापडलं. मी घाबरलो होतो गं. अजूनही घाबरलोय."

बाई बघतच राहिली. करवतीनं बोटाचं पेर उडालं तेव्हा ह्याच माणसानं ते रुमालात बांधून आधी पायरी पुरी केली होती. लेकीच्या वेळी ती अडली होती तेव्हा ह्यानंच दवाखान्यात सगळ्यांना धीर दिला होता. चाळीस वर्षं ती ह्या माणसाच्या भरवशावर निजली, आणि हा दीड महिना बंद दाराआड घाबरून पडला होता, एकटा, आकडे म्हणत. फळ्या सापडल्या तेव्हासुद्धा तिला इतका धक्का बसला नव्हता.

"मला का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं.

"लाज वाटली."

पॉलिशवाल्यानं नाक ओढलं. तो खाली मान घालून रडत होता आणि त्याच्या हाताखाली मिस्त्रींची नडगी त्यामुळं हलत होती.

बाई उठली. खाटेवर मिस्त्रींच्या मागं जाऊन बसली, त्यांच्या दोन्ही काखांतून हात घालून त्यांना छातीशी घट्ट धरलं. हॉस्पिटलात, भरदिवसा, समोर भावजी असताना. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा बघायला लागला. बघू दे.

"घाबरा," ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "हवं तेवढं घाबरा. ओरडा, शिव्या द्या, ह्यांच्या सात पिढ्या काढा. मी आहे इथं. पण आता दार लोटायचं नाही."

मिस्त्रींनी मान हलवली. तिनं भावजींकडं बघितलं.

"ढकला. एक."

मिस्त्री ओरडले. मग सात पिढ्या खरंच निघाल्या, आणि पॉलिशवाला प्रत्येक शिवीला "हो रे, हो रे" म्हणत, डोळ्यांतून पाणी गाळत ढकलत राहिला. बाई मोठ्यानं आकडे म्हणत होती, आणि म्हणताना तिच्या कवेतला तो आडदांड देह पानासारखा कापत होता. सातला तिचा आवाज फुटला. आठ आणि नऊ मिस्त्रींनी स्वतःच ओरडून म्हटले.

"दहा," ती म्हणाली, आणि भावजींनी हात तसेच धरून ठेवले असताना आपले हात सोडवून, बाजूनं पुढं वाकून तिनं कोन लावला. खात्री करायला दोनदा वाचला.

"चौसष्ट."

"तीन वाढले," मिस्त्री धापा टाकत म्हणाले. ते तिच्या खांद्यावर डोकं टाकून रडत होते, उघडउघड, लहान पोरासारखे. "फक्त तीनच गं."

"तीन," ती म्हणाली. "चला, पुन्हा."